दोन नंबर, एकच लाईन

चिंचखोरी ग्रामपंचायतीच्या फलकावर गेल्या जानेवारीत खडूनं तीन ओळी लिहिल्या होत्या. गावात शंभर टक्के इंटरनेट जोडणी. वाचनालयात संगणक सुरू. माजी सैनिकांसाठी मदत कक्ष, वेळ दहा ते पाच. या तिन्ही ओळींचं काम एकच माणूस करतो, आणि त्याचं नाव फलकावर नव्हतं. ग्रामसेवकाला विचारलं तर म्हणाला, "भाऊसो, कार्यालयीन मजकुरात नावं घालत नसतात." घालत नसतात! उद्घाटनाच्या फरशीवर अकरा नावं कोरलीत, त्यातल्या चौघांना चिंचखोरी कुठल्या फाट्यावरून आत येते तेही सांगता यायचं नाही. म्हणून मी इथं लिहितो. त्याचं नाव हरिबा.

जत तालुक्याच्या माळावर, मेंढरांमागं वाढलेला माणूस. सातवी शिकला तीही तुकड्यातुकड्यानं, कारण वर्षातले आठ महिने घर मेंढरांबरोबर परमुलखात. साताऱ्याच्या भरतीत लागला आणि फौजेत लाईनमन झाला. सतरा वर्षं टेलिफोनची तार खांद्यावर घेऊन डोंगर चढला. हवालदार होऊन परत आला तेव्हा गावातल्या वाचनालयाला कुलूप होतं आणि आत कोंबड्या. किल्ली मागून घेतली, कोंबड्या हाकलल्या, पुस्तकं उन्हात टाकली आणि रोज दहाला दार उघडायला लागला. पगार नाही, मानधन नाही. मी त्याला तात्या म्हणतो. बाकी गाव फौजी म्हणतं.

तीन वर्षांपूर्वी काचेच्या तारेची लाईन फाट्यापासून गावापर्यंत चार किलोमीटर जमिनीखालून आली. पेटी बसवली वाचनालयात, कारण स्लॅबची कोरडी खोली तेवढीच. मोबाईलचा टॉवरही त्याच तारेवर. पहिल्या वर्षात लाईन चौदा वेळा तुटली. कुणी पाईपलाईन खणायचं, कुणी मुरूम उकरायचं. कंपनीचा माणूस यायचा चार दिवसांनी, तोंडात मावा घेऊन. मी तक्रार अर्ज लिहीत बसलो. तात्यानं अर्ज लिहिला नाही. त्यानं दर पन्नास पावलांवर एक दगड रोवला, चुना फासला, वर गेरूचा पट्टा मारला. शंभराच्या वर दगड. दर सोमवारी काठी घेऊन तो सगळी लाईन चालून यायचा. पुढच्या वर्षी लाईन दोनदाच तुटली.

मग दगडांवर भंडारा दिसू लागला. सुरुवात केली खुद्द हरणाबाईनं, तात्याच्या बायकोनं. घरामागच्या पहिल्या दगडावर ती दर रविवारी चिमूटभर हळद टाकायची. मी एकदा हटकलं.

"काकू, ह्यो देव न्हवं. खाली तार हाय, तिची खूण हाय ही."

"मला म्हाईत हाय की. दगुड कुणी ठिवलाय?"

"तात्यांनी."

"मग? माझ्या माणसानं उभा केलेला दगुड उनातानात एकटा राखणीला बसलाय. त्येला जरा भंडारा टाकला तर तुमच्या तारंला काय ताप येतोय?"

तात्या दारात बसून हसत होता. "भाऊसो, तुमी कलेक्टरला भांडा. हिच्या नादाला लागू नगा."

तिचं बघून येणारे-जाणारे मेंढकेही थांबू लागले. आमच्याकडं माळावरचा दगड पिवळा दिसला की हात आपोआप जोडले जातात, हा कुठला देव असं कुणी विचारत नाही. दोन पावसाळ्यांत चुना आणि गेरू हळदीखाली झाकून गेले.

गेल्या दिवाळीनंतर हरणाबाईला दम लागायला लागला. घागर उचलली की ओठ निळे. माजी सैनिकांच्या योजनेतून सांगलीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. हृदयाची झडप खराब, बदलावी लागणार. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरून येणार, त्यामुळं नंबर लागलेला. तीन दिवस तपासण्या झाल्या आणि तिथल्या बाईंनी सांगितलं, "एखादी जागा मोकळी झाली की आम्ही फोन करतो. तासाभरात हो म्हणून कळवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दाखल व्हायचं. फोन लागला नाही तर पुढचा पेशंट. दोन नंबर द्या."

तात्यानं आपला मोबाईल लिहिला. दुसरा कुणाचा? लेक माया कोरेगावला दिलेली. हरणाबाई म्हणाली, "मायाचा द्या की."

"लेकीच्या सासरी येळी-अयेळी फोन? तिची सासू काय म्हणंल?" असं म्हणून त्यानं वाचनालयाच्या फोनचा नंबर लिहिला. तो फोनही त्याच पेटीवर चालतो.

हे सांगलीत चालू होतं तेव्हा, रविवारी, इकडं गावात वेगळंच घडलं. रस्त्याच्या साईडपट्टीचं काम निघालं होतं. ठेकेदाराच्या माणसानं पिवळे दगड पाहिले आणि जेसीबी थांबवला. देवाला धक्का लागायला नको म्हणून तो पलीकडच्या वाडीतल्या वडीलधाऱ्या सिद्धूआण्णांकडं गेला. आण्णांनी विचार केला, देव उघड्यावर विखुरलेत, एका जागी बसवू. ढोल वाजला, नारळ फुटला, दगड ट्रॉलीत भरून लिंबाखाली आणले, चौथरा झाला. मी त्या दिवशी मिरजेत होतो. असतो तर आडवा पडलो असतो, असं मला वाटतं. गावात जे होते त्यांना पूर्वी दगड कुणी लावले ते माहीत होतं. पण देव बसवायला निघाल्यावर तोंड कोण घालणार? सोमवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर जेसीबी चालला, आणि दुपारी काचेची तार तुटली.

संध्याकाळच्या एस.टी.नं दोघं परत आली. फाट्यावर उतरल्याबरोबर तात्याला चर दिसली. हरणाबाईला घरी पोचवून तो तसाच उलटा गेला आणि तुटलेली जागा शोधून काढली.

मंगळवारी सकाळपासून तो तिथंच. दोन टोकं फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलेली. कंपनीच्या माणसानं एस.टी.च्या कंडक्टरकडं निरोप धाडला होता, "दुपारपर्यंत येतो", मग "चारला". मी म्हणालो, "तात्या, गाडी काढतो, जतला जाऊ. तिथं रेंज हाय, सांगलीला फोन करू."

"आरं येतोय त्यो. लाईन टाकून कुठं जाऊ? तांब्याची असती तर दातानं सोलून जोडली असती गड्या. ही काच हाय. मिशीन लागतंय हिला."

मी रागावलो. त्याच्यावर नाही, कंपनीवर, ठेकेदारावर, सगळ्यांवर. तिथंच उभं राहून शिव्या दिल्या. शिव्या देण्यात दिवस गेला, हे मला आता कळतं. गाडीला किक मारून एकट्यानं जतला जायला मला कुणी अडवलं नव्हतं.

बुधवारी पहाटेची पहिली एस.टी. धरून तो सांगलीला गेला. दहाला पोचला. मंगळवारी सकाळी साडेदहाला दोन्ही नंबरांवर तीन-तीन वेळा फोन केले होते, त्याची नोंद त्या बाईंनी दाखवली. जागा मोकळी झाली होती, ती माधवनगरच्या एका पेशंटला दिली. आता एकवीस दिवसांनी. बाई वाईट नव्हत्या, तात्या स्वतः म्हणाला. त्यांनी चहा पाजला.

हरणाबाई तेराव्या दिवशी गेली. सकाळी चुलीपुढं भाकरी थापत होती, परातीवर वाकली ती वाकलीच.

दहाव्यानंतर मी तात्याकडं गेलो. ठेकेदार, कंपनी, पंचायत, तिघांवर अर्ज तयार करून नेले होते. म्हटलं, फक्त सही करा, बाकी मी बघतो. त्यानं वाचले. सगळे, चष्मा लावून.

"लय भारी लिवलंय. पण ह्यात सिद्धूआण्णाचं नाव न्हाई."

"त्यांचं कशाला? त्यांनी भक्तीनं केलं."

"मग तिचं बी न्हाई. पयला भंडारा तिनंच टाकला." कागद त्यानं घडी करून माझ्याकडं सरकवले. "आणि माझं कुठं हाय? फौजेत नव्या जवानांला मी शिकवायचो, दोन लाईनी एका खंदकातनं न्यायाच्या न्हाईत. एक गोळा पडला की दोनी मेल्या. सतरा वर्सं शिकवलं. आणि बायकोच्या कागदावर दोन नंबर लिवले, दोनी एकाच तारंवरचे. लेकीच्या सासूला भ्यालो मी, भाऊसो."

मी ते कागद पिशवीत टाकले आणि उठलो.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा झाली. सरपंचांनी फलकावरच्या तीन ओळी वाचल्या, टाळ्या पडल्या. मी उठणार होतो, एवढ्यात तात्याच उठला. वाटलं, आता हा सगळं बाहेर काढतो. त्यानं एवढंच मागितलं: लाईन तुटली की त्याच तासाला एक माणूस गावातले फोन गोळा करून जतला रेंजमध्ये जाऊन बसंल. ठराव करा. कुणी जायचं, असा प्रश्न आला तेव्हा म्हणाला, "मी जातो. मला आता घरी काय काम?"

सिद्धूआण्णा खाली मान घालून बसले होते. ते दगड कशाची खूण होते, ते त्यांना आतापर्यंत कुणीतरी सांगितलं असणार. तात्या जाताना त्यांच्यापाशी थांबला, म्हणाला, "आवं आण्णा, उठा, ऊन आलंय अंगावर," आणि हात धरून त्यांना उठवलं.

मार्चपासून लाईन पाच वेळा तुटली. गेल्या मंगळवारी मी जतच्या स्टँडवर उतरलो तर शेडखाली बाकावर तात्या बसलेला. खाकी पिशवीत नऊ फोन, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर पेनानं नाव. मांडीवर वही. अंबूबाईच्या सुनेची सोनोग्राफीची वेळ बदलली होती, ते त्यानं वहीत लिहून ठेवलेलं.

"तुमचा कुठला यात?" मी विचारलं.

"माझा घरी हाय. मला मायाच करती, आन् ती शनवारी. आज मंगळवार."

चहा घेऊ म्हटलं तर नको म्हणाला. टपरी रस्त्यापलीकडं, तिथं गाड्यांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. मीच दोन कप घेऊन आलो. तेवढ्यात पिशवीत एक फोन वाजला. त्यानं कप बाकावर ठेवला, पिशवीत हात घातला, नाव पाहिलं आणि पाठ ताठ करून बोलला, "हां, बोला. चिंचखोरी."