डोळा भरणारा हात

मोसंबीला डोळा भरायचं काम बायकांचं नाही, असं आमच्या वडीगोद्रीच्या बाजूला काही शहाणे अजूनही म्हणतात. म्हणोत बापडे. मी वीस वर्षं डोळे भरतेय. जंबेरी लिंबाच्या खुंटावर चाकूनं चीर द्यायची, साल अलगद उचलायची, मोसंबीच्या काडीवरचा कोंबाचा डोळा त्यात सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. मग एकवीस दिवस कुणी बोट लावायचं नाही. पट्टी सोडल्यावर डोळा हिरवा दिसला की कलम लागलं, काळा पडला की गेलं. माझे हिरवेच निघायचे. "अक्काच्या हाताला गुण आहे," असं नर्सरीवाले भाऊ गिऱ्हाइकासमोर सांगायचे. मी ऐकू न आल्यासारखं करायची आणि सगळं ऐकायची.

तोच हात भाजला. उजवा.

आष्टीला भाचीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मी पुऱ्या तळायला बसले. मला कुणी बस म्हणालं नव्हतं, पण दुसरीनं तळलेली पुरी मला पसंत पडत नाही, त्याला काय करणार! चुलीची वीट सरकली, कढई कलंडली आणि मी ती धरायला गेले. तापलेली कढई कुणी धरतं का? मी धरली. तेल हाताच्या पाठीवरून थेट अंगठ्याच्या बेचक्यात उतरलं. एक बाई टूथपेस्ट घेऊन धावली, दुसरी शाई शोधायला लागली. नणंदेनं दोघींना बाजूला लोटलं आणि माझा हात नळाखाली धरून ठेवला. तिचं माझं जन्मात पटलं नाही, पण त्या दिवशी सगळ्या मांडवात तीच एक शहाणी होती.

जालन्याच्या दवाखान्यात मांडीची कातडी काढून हातावर लावली. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीचे काही दिवस हात बिलकुल हलवायचा नाही. मग मी सांगितलं की व्यायाम सुरू करायचा." पहिलं वाक्य मला एकदम पटलं. दुसरं मी कानामागं टाकलं. इथली कातडी काढून तिथं लावली, वर पट्टी बांधली, म्हणजे हे कलमच की! आणि कलमाचं मला कोण शिकवणार? बांधलेलं हलवलं की डोळा मरतो, हे मी नवीन बायकांना ओरडून ओरडून शिकवलेलं. व्यायामाचा कागद मी गादीखाली सारला आणि हात लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून छातीशी धरून बसले. कुणी विचारलं की "करून राह्यले ना!" असं ठणकावून सांगायची. खोटं, साफ खोटं. आमचे हे बिचारे माझी वेणी घालायला शिकले. वेणी वाकडी यायची, आणि वर मीच त्यांना बोलायची.

पुढं तपासणीला गेले तेव्हा हाताकडं नीट बघितलं. बोटं आत वळलेली, अंगठा पहिल्या बोटाला चिकटल्यासारखा, बेचक्यात लाल, जाड, टणक वण. नर्सरीत जाऊन चाकू धरला तर तो हातातून गळाला. दुसऱ्यांदा गळाला. भाऊ बघत होते. माणूस वाईट नाही, पण म्हणाले, "अक्का, तुम्ही आता पिशव्या भरा. डोळ्याचं काम दुसरं कुणी करंल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार कुठल्या तोंडानं? डाव्या हातानं मातीच्या पिशव्या भरत बसले आणि त्या मातीतच रडून घेतलं. डोळे भरायचा हंगाम थंडीत येतो. तोवर हात उघडला नाही तर माझी जागा कायमची गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

डॉक्टरांनी मला व्यायामाच्या मॅडमकडं धाडलं. ती हसनाबादची, माझ्या लेकीच्या वयाची, पण आवाज पक्का सासूचा.

"मावशी, व्यायाम केलता?"

"केला की."

"खोटं बोलू नका. हात सगळं सांगून राह्यला."

मग मी तिला कलमाचं सांगून टाकलं. वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "पण मावशी, पट्टी तुम्ही कधीच सोडत न्हाईत का?"

"अगं सोडायची तर असतीच! एकवीस दिवसानं. न्हाई सोडली तर काचती. खोड वाढतं, पट्टी सालीत रुतती, मंग वरचं सगळं..."

मी माझ्याच हाताकडं बघितलं. वीस वर्षं दुनियेच्या पट्ट्या वेळेवर सोडल्या आणि स्वतःची सोडायची राहून गेली! मी कपाळावर हात मारून घेतला, डावा. मॅडमनं मला पाणी दिलं आणि पुढच्या आठवड्याचा वार कागदावर लिहिला.

तिच्याकडं शॉकवेव्हचं मशीन होतं. शॉक म्हटल्यावर मी उठून दाराकडंच निघाले. "करंट न्हाई हो मावशी," ती म्हणाली, "दाबाच्या लाटा असत्यात, आवाजासारख्या. कडक वण मऊ पडावा म्हणून. पण एकटं मशीन काही करत न्हाई. घरी व्यायाम करणार नसाल तर इथं येऊच नका." तिनं हातावर गार मलम फासलं, दांडा वणावर टेकवला आणि टक टक टक टक सुरू झालं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. आई गं! दुखलं, बराबर दुखलं. पहिल्या दिवशी मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती शांतपणे म्हणाली, "शिव्या द्या, पण बोटं उघडत द्या."

दर आठवड्याला अंबडवरून एसटीनं जालना, मशीन, आणि परत. वण दाबून धरणारा घट्ट हातमोजा दिवसरात्र हातावर. घरी कणीक मळ, दोरीला चिमटे लाव, अंगठा ताण. आमच्या ह्यांनी ताटात दोन वस्तू मांडून ठेवल्या, एक लिंबू आणि एक मोसंबी. रोज सकाळी मी दोन्ही धरून बघायची. लिंबू लवकर धरता आलं. मोसंबी निसटायची, घरंगळत चुलीपर्यंत जायची, आणि हे ती उचलून परत ताटात ठेवायचे. मग एका मंगळवारी मोसंबी हातात बसली. पाची बोटांत बसली आणि बसूनच राहिली! मी अशी किंचाळले की हे अर्धी दाढी केलेले धावत आले. त्यांना वाटलं, परत भाजलं.

थंडी पडली. नर्सरीत माझ्या हाताखाली शिकलेली शेजारीण आता डोळे भरत होती. बाजाराच्या दिवशी सगळे मजूर बाजाराला गेले, तेव्हा मी तिला म्हणाले, "तुझा चाकू दे. एक ओळ भरते. भाऊला सांगितलंस तर बघ." पहिला डोळा भरायला इतका वेळ लागला की तेवढ्यात पूर्वी मी दहा भरले असते. अंगठा ठणकायला लागला. पण साल फाटली नाही. मी पट्टी ताणली, गुंडाळली, आणि पुढच्या खुंटाकडं सरकले. सांज व्हायच्या आत ओळ पुरी झाली.

एकवीस दिवस मी पिशव्या भरत काढले आणि त्या ओळीकडं मान वळवली नाही. जेवण मात्र गोड लागत नव्हतं.

पट्ट्या सोडायच्या दिवशी भाऊ स्वतः आले. शेजारीण पट्टी सोडत पुढं, भाऊ तिच्या मागं. माझी ओळ आली. हिरवा. हिरवा. एक काळा निघाला. मग हिरवा, हिरवा, पार शेवटपर्यंत हिरवा. भाऊ उकिडवे बसले, सुटलेली एक पट्टी बोटांत घेऊन बघायला लागले.

"ही ओळ तुझी न्हाई," ते शेजारणीला म्हणाले. "ताण बघ कसा एकसारखा आहे. कुणाचा हात आहे हा? बोलवा त्या माणसाला. राहिलेला सगळा वाफा त्याच्याच हातानं भरून घ्यायचा."

शेजारीण माझ्याकडं बघत उभी राहिली. मी मातीतून उठले, हातमोजा काढला आणि भाऊंच्या समोर पंजा उघडून धरला. पंजा अजून पुरता सरळ होत नव्हता, करंगळी थोडी वाकडीच होती. पण अंगठा बाकी बोटांपासून लांब, मोकळा उभा होता.

"बोलवलंत, आले," मी म्हणाले.

भाऊ हाताकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि माझे कोरडे होते असं म्हटलं तर ते पुन्हा खोटंच होईल. त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि माझ्यापुढं केला, सवयीनं माझ्या डाव्या हाताकडं.

"भाऊ," मी म्हणाले, "उजव्यात द्या."