फेब्रुवारीतली लाल रेघ

"आधी पट्टी बघा, मग भांडा," मच्छिंद्रमामा सगळ्यांना हेच सांगायचे. पट्टी म्हणजे भीमेवरच्या आमच्या बंधाऱ्याच्या भिंतीवर रंगवलेलं पाण्याचं माप. अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड. बंधाऱ्यात पाणी अडवणारे लोखंडी ढापे वर यायला दोन हूक लागतात. एक मामांकडं, दुसरा खालच्या अंगाच्या दौंडकडच्या गावात, बबनरावांकडं. कुणी एकट्यानं ढापा काढू नये म्हणून जुन्या माणसांनी केलेली ही वाटणी. बोली अशी, की पाणी लाल रेघेला टेकलं की आम्ही मोटारी बंद करायच्या आणि दोन ढापे काढून खालच्यांना प्यायला पाणी सोडायचं.

पूर्वी रेघ उघडी पडायची मेमध्ये, रानं रिकामी झाल्यावर. यंदा थंडी आलीच नाही. फेब्रुवारीतच ऊन असं तापलं, की पाणी रोज चार बोटं उतरू लागलं. कांदा अजून रानात होता. मामांचाही दीड एकर. माणसं बांधावर कमी आणि बंधाऱ्यावर जास्त दिसू लागली. खालून दगड आले, वरून शिव्या गेल्या. मग पोलिसांची गाडी आली. ज्या बंधाऱ्यावरून वऱ्हाडं गेली, तिथं बंदूकवाला उभा राहिला.

रेघ दिसली त्या सकाळी सरपंच विश्वजीत मामांच्या दारात आला.

"मामा, हूक द्या. सोसायटीत कुलपात ठिवतो."

"पट्टी बघितली का?"

"बघितली. पण ते मे महिन्यासाठी ठरलं व्हतं."

"ठरलं रेघेवर. महिन्याचं नाव कुणी घेतलं व्हतं?"

"तुमचाबी कांदा जळंल की!"

"जळंल. उद्या आपल्या वरच्या गावानं असंच म्हणलं, तर तू कुणाच्या दारात जाशील?"

"म्हंजी तुम्ही दौंडवाल्यांचे झालात."

"सासुरवाडी तुझी हाय तिकडं, माझी न्हाई."

विश्वजीत न हसताच निघून गेला. मामांनी चहा हातात घेतला, तसाच ठेवला. दारात जाऊन दोनदा नदीकडं बघून आले. मग हूक खांद्यावर टाकून काठावर गेले आणि आधी स्वतःची मोटार बंद केली. कांद्याचा अर्धा वाफा भिजायचा राहिला होता.

पलीकडच्या टोकाला बबनराव आपला हूक घेऊन उभे होते. मामा बंधाऱ्यावरून त्यांच्याकडं चालू लागले. बंदूकवाल्यानं आधी गावाकडं पाहिलं, मग बाजूला सरून वाट दिली. काठावर सगळं गाव बघत होतं. सोजरामामी मात्र बंद मोटारीजवळ, कोरड्या वाफ्यात उभ्या राहून बघत होत्या.