चांदीचा पत्रा

आगाशेकाकांचा मोबाइलवर फोटो काढला की ते म्हणत, "झाला? अहो, मी अजून नीट बसलोसुद्धा नाही." जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. शैलाकाकू जाऊन सहा वर्षं झाली होती.

इमारतीच्या तळघरात, सायकलींच्या शेजारी, ते जगातल्या पहिल्या फोटोवाल्यांच्या पद्धतीने फोटो काढायचे. त्या संशोधकांबद्दल घरच्यांसारखं बोलायचे. खिडकीबाहेरची छपरं टिपायला ज्यांना तासन्‌तास लागले, ते फ्रेंच गृहस्थ म्हणजे 'थोरले'. त्यांच्या भागीदाराने पुढे चांदीच्या पत्र्यावर पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवलं, ते 'धाकटे'. आणि इंग्लंडमधले ते 'साहेब'.

"साहेब हुशार. कागदावर उलटं चित्र, म्हणजे निगेटिव्ह घेतलं, त्यावरून हव्या तेवढ्या प्रती. धाकट्यांचं तसं नाही. एक पत्रा, एक माणूस. गेला की गेला."

"मग साहेबांच्या पद्धतीने काढा ना, काका."

"तू व्यवहारी बाई आहेस, सुनंदा. तुला नाही कळायचं."

हे मी भाजी निवडत ऐकायचे, म्हणजे अर्धंच. पाऱ्याच्या धास्तीने तळघरात कधी गेले नाही, की तसा पत्रा कधी पाहिला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीआधी काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेले. "कुंड्यांना पाणी घाल, जमलं तर देवाची चांदी घास," म्हणून किल्ली दिली. देवघरात निरांजन होतं, ताम्हण होतं, आणि त्यामागे तळहाताएवढा एक सपाट पत्रा, कडेने निळाकाळा पडलेला. नैवेद्याचा असेल, असं समजून बाकीच्या चांदीबरोबर मी तोही रांगोळीने घासला. लखलखीत निघाला.

काका कुबड्यांवर घरी आले आणि सरळ देवघरापाशी गेले. तो पत्रा उचलून उजेडात धरला.

"हा कशाने घासलास?"

"रांगोळीने. का हो?"

"किती वेळ?"

"पाचेक मिनिटं."

"पाच कशाला? नुसतं बोट फिरलं तरी चित्र पुसलं जातं." ते खुर्चीत बसले. "शैला होती त्यावर. काच फुटली म्हणून फ्रेममधून काढून ठेवली होती. मी सांगायला हवं होतं."

मी हादरणाऱ्यातली नाही. आजारपणं, मरणं, सगळं निभावलंय. पण तेव्हा ओटा धरून उभी राहिले. 'दुसरी प्रत असेल ना' असं विचारणार होते, तोच त्यांचं 'एक पत्रा, एक माणूस' आठवलं.

"काका, ओरडा तरी माझ्यावर."

ते ओरडले नाहीत. पत्र्याकडे पाहत म्हणाले, "घासताना तिला शेवटचं तू पाहिलंस. कशी दिसत होती गं? अलीकडे मला नीट आठवत नाही."

छान दिसत होत्या, हसत होत्या, असं म्हणता आलं असतं. मला खोटं जमत नाही.

"मला त्यात माझाच चेहरा दिसला, काका."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "समोरून धरला की आरसाच असतो तो. तिरका धरायचा असतो. थांब, दाखवतो."

त्यांनी तो कोरा पत्रा दिव्याखाली धरला आणि हळूहळू कलता केला. मग अजून थोडा. मी त्यांच्या खांद्यामागून पाहत राहिले.