आषाढातली ताजी सुरमई

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही. बायको गेल्यापासून घरात बसवत नाही, एका जागी मन लागत नाही, आणि अशा वेळी नेमकं तेच आठवतं. मी फार शिकलेला नाही, शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. जसं घडलं तसं लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

बोर्ली पंचतनचा एक माणूस आखातात नोकरी करून कायमचा घरी आला होता. मुंबईची एक कंपनी दुकानांच्या जाहिरातींचं साप्ताहिक काढायची आणि गावोगाव फुकट वाटायची. तिची आपल्या भागातली फ्रँचायझी याने घेतली. करारात एक कलम होतं. कंपनीबरोबर असेपर्यंत दुसरं असलं साप्ताहिक काढायचं नाही, आणि सोडल्यावरही दोन वर्षं या तालुक्यात हा धंदा करायचा नाही. याने सही केली. पटेना म्हणून पुढे पावसाळा संपताना रीतसर नोटीस देऊन कंपनी सोडली. दिवाळीनंतर नवराबायकोने स्वतःचं छोटं साप्ताहिक सुरू केलं. ते चाललं तरच त्याला गावात राहता येणार होतं, नाहीतर पुन्हा आखात.

थोड्याच दिवसांत कंपनीचा मॅनेजर तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आला. सोबत या माणसाच्या साप्ताहिकाचा एक अंक. त्यावर तारीख भर आषाढातली, म्हणजे करार चालू असतानाची.

"आमच्याच जाहिराती गोळा करून हा चोरून स्वतःचा अंक काढत होता," मॅनेजर म्हणाला. "फसवणूक आहे. अटक करा."

वरून फोनही आला, लवकर उरका म्हणून. मी स्टेशन डायरीत नोंद केली, अंक ताब्यात घेतला आणि त्या माणसाला चौकशीला बोलावलं.

तो आला तोच घामाने भिजलेला. अंक पुढे ठेवला तर म्हणाला, "तेव्हा मी काही काढलं नव्हतं, साहेब."

"मग हा तुझा नाही?"

"दिसतो माझ्या अंकासारखाच."

"करारावर सही तुझीच ना?"

"माझीच. मला आत टाका साहेब, पण बायकोचं नाव कुठे घालू नका. जाहिराती ती आणते."

चोर असा बोलत नाही. चोर आधी सही नाकारतो. या माणसाला वाटत होतं, एकदा सही केली म्हणजे लोक म्हणतील तो गुन्हा आपला. बाहेर ओट्यावर त्याची बायको डबा घेऊन उभी होती. मला म्हणाली, "साहेब, ते मुकाट आहेत म्हणून खोटे नाहीत. ते कागदाला घाबरतात."

दुपारी मी अंक घेऊनच घरी जेवायला गेलो. माझी बायको बोंबील साफ करत होती. मी जेवता जेवता एकेक जाहिरात मोठ्याने वाचत होतो. 'आज पहाटेच्या होडीची ताजी सुरमई' असं आलं तशी ती थांबली.

"कधीचा आहे हा कागद?"

"आषाढातला."

"आषाढात कुणाची होडी जाते हो? एवढे फौजदार झालात, खाता तो मासा कधी मिळतो ते कळू द्या की."

मी जेवण अर्धं टाकून उठलो. ती मागून म्हणाली, "सुरमई पळून जात नाही, भात संपवा."

जाहिरात देणारा होडीवाला मी ठाण्यात बोलावला. अंक बघून तो हसायलाच लागला. "साहेब, तवा मासेमारी बंद. माझी होडी वर वडलेली, झावळ्या टाकून झाकलेली. सुरमय काय आभालातून आनू? ही जाहिरात मी दिवाली झाल्यावं दिली." त्याचा जबाब घेतला.

मग मॅनेजरला बोलावलं. चहा दिला आणि विचारलं, "पावसात ताजी सुरमई मिळते का?"

"मिळते की. आमच्याकडे बाराही महिने मिळते."

"ती बर्फातली. इथे पहाटेची होडी लिहिलीय."

मी होडीवाल्याचा जबाब त्याला वाचून दाखवला. त्याने कप खाली ठेवला. अंक उचलून तारखेकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "वरून सांगितलं होतं, तालुका हातचा जाऊ द्यायचा नाही." दिवाळीनंतरचाच अंक घेऊन, तारीख बदलून त्यांनी तो छापून घेतला होता. खोटा पुरावा दिल्याबद्दल मी कंपनीविरुद्ध अहवाल वर पाठवला.

त्या जोडप्याला सांगितलं, "तुमच्यावर गुन्हा नाही. कलमाचं काय ते दिवाणी प्रकरण, वकिलाला विचारा." वकील म्हणाला, करार चालू असताना अशी बंदी चालते, पण संपल्यावर तो धंदाच करू नको म्हटलेलं कोर्ट सहसा धरत नाही. त्याच्या बायकोला धीर आला. पण कंपनीने दुकानदारांना एकेक नोटीस धाडली. दुकानदार म्हणाले, "तुझं खरं असेल बाबा, आम्हाला कोर्टकचेरी नको." जाहिराती बंद झाल्या. साप्ताहिक बंद पडलं.

त्याचं पुन्हा आखातात जायचं ठरलं तेव्हा ती बाई ठाण्यात आली होती. भांडायला नाही. "गुन्हा नाही म्हणालात ना साहेब? मग हे का चाललेत?" मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

त्या कंपनीचं साप्ताहिक पुढे बोर्लीत एकदाही आलं नाही. त्यांना गाव नकोच होतं, दुसऱ्याला मिळू द्यायचं नव्हतं. माझी उभी नोकरी कुणी काय घेतलं ते शोधण्यात गेली. घेतल्याशिवायही माणसाचं काढून घेता येतं, हे मला या प्रकरणाने शिकवलं, आणि त्याला आमच्याकडे कलम नाही.

आता माझ्या घरात दिवसभर बोलणारं कुणी नाही. माझं माणूस देवाने नेलं, तिथे तक्रार चालत नाही. त्या बाईचं घर मात्र नवरा धडधाकट असताना असं गप्प झालं.