वाढत्या मापाचा टायर

आमच्या सायकलीच्या रिमची आतली रुंदी तेरा मिलिमीटर आहे. कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हा आकडा तोंडपाठ असलेली मी एकमेव बाई आहे, आणि त्याबद्दल अजून कुणी माझा सत्कार केलेला नाही.

ही गोष्ट मी तरुण असतानाची. म्हणजे अडुसष्ट वर्षांची असतानाची. त्या वयात माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

सायकल ह्यांची. लग्नाआधीची, शर्यतीची, खाली वळलेल्या हँडलची, काडीसारख्या चाकांची. तेव्हा दर दसऱ्याला हे डोंबिवलीहून ठाण्याला टेंभी नाक्यावर थोरल्या वन्संना सोनं द्यायला तिच्यावरून जायचे. (सोनं म्हणजे आपट्याची पानं. खऱ्या सोन्याची अपेक्षा आमच्या घरात कुणी कुणाकडून केली नाही.) पुढे लग्न झालं, मुलं झाली, ह्यांची कंबर धरली आणि सायकल माळ्यावर गेली.

त्या वर्षी वन्सं चौऱ्याऐंशीच्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं ते आम्हाला कळलं होतं. त्यांना कळू दिलेलं नाही असा आमचा समज होता. श्रावणात त्यांचा फोन आला.

"बाळू, या दसऱ्याला सायकलवरनं ये. गॅलरीत बसून राहीन. घंटी ऐकायचीय एकदा."

ह्यांनी "येतो ताई" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवसापासून सत्तरीचा हा गृहस्थ पहाटे नातीच्या सायकलवर सराव करू लागला. माळ्यावरची सायकल खाली आली. बाकी सगळं ठीक, पण टायर जुन्या पापडासारखे तडकलेले. कल्याणला एका दुकानात तसले टायर मिळतात असं कळलं. मी म्हटलं, मी आणते. कारण हे गेले असते तर तसलेच बारीक घेऊन आले असते, आणि शिळफाट्याचे खड्डे, वरून सत्तर वर्षांचा नवरा आणि खाली अंगठ्याएवढं रबर, हे चित्र मला झोपू देत नव्हतं.

शिवाय माझं एक तत्त्व आहे. वस्तू घ्यावी ती वाढत्या मापाची. माझ्या मुलाचा पहिलीचा शर्ट त्याला चौथीत नीट बसला. ह्यांना मी विणलेला पहिला स्वेटर चाळीस वर्षांनी अंगाबरोबर आला. तोवर बाह्या दुमडायच्या, त्यात काय?

दुकानदार तिशीतला, शांत माणूस. सोबत नेलेल्या रिमला त्याने पट्टी लावली. "आजी, आतून तेरा आहे. जुनी रेसिंगची रिम. हिला तेवीस नाहीतर पंचवीसचा टायर. त्याच्या वर जाऊ नका."

मी भिंतीवरच्या एका भरदार टायरकडे बोट दाखवलं. तो पस्तीसचा निघाला. गोलाई तीच, जाडी वेगळी.

"घेर तोच आहे ना? मग बसेल की."

"चढेल. बसणार नाही." मग त्याने समजावलं. अरुंद रिमवर रुंद टायर मानेत आवळला जातो आणि वर फुगतो, वळताना डुलतो, ब्रेकला घासतो, आणि हवा जास्त झाली तर कड सोडून बाहेर येतो. हे सगळं त्याने दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

"कलशाचं तोंड केवढं असतं?" मी म्हटलं. "आणि नारळ केवढा? बसतो ना?"

त्याने पट्टी खाली ठेवली. "आजी, कलश घेऊन कुणी शिळफाट्याच्या खड्ड्यातून जात नाही."

मी पस्तीसचेच घेतले. घरी ह्यांना सांगितलं, हल्ली बारीक येतच नाहीत, कंपन्यांनी बंद केले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी खोटं बोलले ते मोजक्या वेळा, पण हे सगळ्यात सफाईदार. हे नुसतं "असं?" म्हणाले.

टायर चढवले तळमजल्यावरच्या कांबळ्यांनी. कांबळे रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चाक फिरवलं, ते अडलं.

"वहिनी, हे ब्रेकला लागतंय. माप चुकलंय."

"दुसरं मिळत नाही हो. थोडी हवा काढा ना."

हवा काढल्यावर चाक कसंबसं फिरलं. कांबळ्यांनी फडक्याला हात पुसले. वर्कशॉपमध्ये साहेबाच्या हट्टापुढे गप्प राहायची त्यांना सवय असावी.

दसऱ्याच्या सकाळी सायकल धुऊनपुसून अंगणात उभी केली. झेंडूचा हार, हळदकुंकू, शेजारी पाटावर कलश आणि त्यावर नारळ (मुद्दाम मोठा बघून आणलेला). मी आरतीचं तबक आणायला वर गेले. तेवढ्यात ह्यांनी टायर दाबून पाहिला, तो मऊ लागला, आणि जुन्या सवयीने पायपंप लावून दोन्ही टायर दगडासारखे कडक केले. आता चाक हलेना. कांबळे पांढरे शुभ्र कपडे घालून विहारात निघाले होते. ह्यांनी त्यांना हाक मारली, त्यांनी बिचाऱ्यांनी बाही सरसावून दोन्ही ब्रेक सैल केले आणि कोपरावर ग्रीसचा डाग घेतला. मी खाली आले तेव्हा सायकल तट्ट फुगून उभी होती. मला वाटलं, किती भक्कम दिसतेय.

मी ओवाळायला तबक पुढच्या चाकाजवळ नेलं. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला टायरने रिमची कड सोडली, आतली ट्यूब बाहेर येऊन फुग्यासारखी झाली, आणि फुटली.

तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी फटाक्यांवरून मुलांना शिव्या दिल्या. निरांजन विझलं. अक्षता माझ्या केसांत. आणि कलशावरचा नारळ घरंगळत घरंगळत गटाराच्या जाळीपाशी जाऊन थांबला. आमच्यापैकी कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही. मी तर मुळीच नाही.

हे रिमजवळ खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "ताई सकाळपासून गॅलरीत बसली असेल गं."

तिथेच, झेंडूच्या पाकळ्यांत उभी राहून, मी सगळं कबूल केलं. दुकानदार काय म्हणाला ते, पंचवीसचं, कलशाचंसुद्धा. कांबळ्यांनी डाग पडलेली बाही खाली केली आणि म्हणाले, "वहिनी, रिक्षा बोलावतो. दुकान उघडं असेल."

नव्या रेशमी साडीत, केसांत अक्षता, दंडात फुटका टायर अडकवून मी कल्याणला गेले. दुकानदार यंत्रांची पूजा करत होता. त्याने मला बघितलं, गल्ल्याखाली हात घातला आणि कागदात बांधलेला एक जोड काढला. वर पेनने लिहिलं होतं: 'कलशवाल्या आजी. २५.'

"बाजूला काढून ठेवलेले," तो म्हणाला. "मला वाटलेलं, दसऱ्याच्या आधी याल."

नवी ट्यूब, नवे टायर चढवून आणि ब्रेक पुन्हा आवळून दुपारी हे निघाले. मागे स्कूटरवर कांबळे, विहारातून आलेले. मी बसने पुढे जाऊन वन्संच्या शेजारी गॅलरीत बसले. त्या सकाळपासून तिथून उठल्या नव्हत्या. जेवणाचं ताटही तिथेच. उन्हं उतरली. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होते. रस्त्यावर देवीच्या दर्शनाची गर्दी, आणि त्या गोंगाटात कुठूनतरी ट्रिंग ट्रिंग आली. मला ऐकूसुद्धा आली नाही. वन्सं कठडा धरून उभ्या राहिल्या.

"आला," म्हणाल्या.

ह्यांनी वर येऊन त्यांच्या हातावर सोनं ठेवलं आणि पायाशीच बसले. दम लागला होता, बोलता येत नव्हतं. वन्संनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या.

"चाकं बारीकच ठेवलीस की गं, सुमन. तो स्वेटर आठवला, म्हणून सकाळपासून धाकधूक होती."

हे आणि कांबळे दोघेही भिंतीकडे बघत राहिले. मी म्हटलं, "माप बघून घ्यावं वन्सं. त्यात काय?"

वन्सं पुढे दोन दसरे होत्या. सायकल अजून त्याच पंचवीसच्या टायरांवर उभी आहे. पस्तीसचा न फुटलेला एक मी पलंगाखाली जपून ठेवलाय. परवा नातीने विचारलं, आजी, हा कशाला? मी म्हटलं, राहू दे, रिमचं काय वय आहे अजून, वाढेल.