ओला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, सख्ख्या बहिणीला न्हाई. तुमाला काहून सांगून राहिले, ते मलाबी धड कळंना — पण बसा. अन् ऐकता ऐकता माझी कीव करू नका, तेवढी माझी लायकी न्हाई.

सुरुवात पापडापासून करावी लागंल. लग्न होऊन जवळा बाजार गावाला सासरी आले, तो माझा पहिलाच उन्हाळा. माझ्या थोरल्या जाऊबाईनं उडदाचे पापड घातले, गल्लीतल्या बाया लाटाया आल्या होत्या. वाळल्यावर तळून बघितले, तर लालभडक! पापडखार जास्त झाला होता — अन् खार घालणारा हात त्यांचाच. पण बाईनं सगळ्यांदेखत माझ्याकडं बोट केलं. "हिची पाळी हाय. हिचीच सावली पडली वाळवणावर." पाळी होती, हे खरं. नवी नवरी, काय बोलणार मी? तवापासून दर उन्हाळ्यात वाळवण निघालं की मला लांब कोपऱ्यात बसवायच्या, पाळी असो नसो. माझ्या लेकराला पापडाची लाटीबी लांबून टाकायच्या. हे विसरंन का मी? डूख धरून बसले होते.

आता आमच्या बचत गटाकडं वाळवणाचं मशीन हाय. कपाटावाणी, आत जाळीचे ट्रे, त्यातून कोमट वारा फिरतो. त्याच्यात आमी बियांचे क्रॅकर करतो, म्हंजी कुरकुरीत पापडीच. जवस, तीळ, कारळ, भोपळ्याच्या बिया — भाजायच्या न्हाईत, नुसत्या भिजवायच्या. भिजला की जवस चिकट होतो अन् बाकी सगळ्यांला धरून ठेवतो. मिरची-जिरं घालायचं, पातळ पसरायचं, कटकन मोडंस्तोवर वाळवायचं. जाऊबाई आधी म्हणल्या होत्या, "भाजल्याबिगर खायाला आपण काय म्हशी हाव का?" पण हे शिकून आली त्यांची सून, उज्ज्वला. तिचे क्रॅकर खपाया लागले अन् सासूची मान ताठ झाली.

एक दिवस उज्ज्वलाला पाळी आली. बिचारी उठून बाजूला निघाली, तर जाऊबाई हसून म्हणतात कशा, "बस गं बाई. मशीनला कशाचा आलाय विटाळ?"

ऐकलं का? माझ्या टायमाला नुसत्या सावलीनं पापड लाल होत होते — अन् यांच्या सुनंला विटाळच उरला न्हाई? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जन्मात पहिल्यांदा ती बाई बराबर बोलली होती, अन् मला तेच सहन झालं न्हाई.

त्याच ट्रेमधला, हिंगोलीच्या प्रदर्शनाचा माल जाऊबाईनं स्वतः डब्यात भरला अन् जेवाया गेल्या. खोलीत मी एकटीच. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नये, हे बारक्या पोरीलाबी ठावं असतं — हो ना? मी माठात हात बुडवला. झाकण काढलं, हात पार तळापर्यंत फिरवला. मग पुन्हा बुडवला. घाई केली न्हाई. शेवटी झाकण दाबून लावलं.

आठ दिवसांनी प्रदर्शनात गिऱ्हाइकापुढं डबा उघडला, तर ही बुरशी! कुबट वास सुटला. गिऱ्हाईक नाकाला पदर लावून पुढं गेलं. आमच्या बाया म्हणाया लागल्या, असं कसं झालं? मी हळूच म्हणलं, "उज्ज्वला पाळीतच ट्रे लावून राहिली होती की."

बस, एवढंच. विटाळाचा कायदा जाऊबाईचाच होता ना! मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी पोटभर बघून घेतलं. आजबी आठवलं की जिवाला गार वाटतं. खोटं काहून बोलू तुमाला?

पण परत येताना जीपमधी उज्ज्वला माझ्याच शेजारी होती. रडून रडून डोळे सुजलेले. सासूच्या कानावर जाऊ नये म्हणून माझ्याजवळ सरकली अन् बारीक आवाजात म्हणाली, "काकू, खरंच माझ्यामुळं झालं का वो?"

तिनं मला काय केलं होतं? कधी उलटून बोलली न्हाई, की कधी माझ्या पाया पडायची चुकली न्हाई. सूड तर घेऊन झाला होता माझा. तिला "न्हाई गं" म्हणायला काय जात होतं माझं?

मी म्हणलं, "व्हय."

आता पाळी आली की ती आपणहून दाराबाहेर बसते. जाऊबाईच बोलवतात — "ये गं आत, काई होत न्हाई." ती उंबऱ्याकडं बघते. म्हणते, "नको आत्याबाई, माल खराब होईल."

त्या दिवसांत तिचे ट्रे मी लावते. आधी हात चांगले कोरडे करून घेते.