विमान धक्क्याला लावताना

कोलशेतच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाच्या हाताला पाण्याची ओढ आधी कळते, डोक्याला मागून. नाथा अशाच हातांचा माणूस होता. पण त्या हातांना जे एक काम हवं होतं, ते कधी मिळालं नाही. बापाच्या, म्हणजे गोमाजी तांडेलाच्या होडीवर तो पोरवयापासून गेला. जाळं ओढलं, पाणी उपसलं, सुकाणूही धरलं, पण ते उघड्या खाडीत. धक्का दिसू लागला की गोमाजी मागे यायचा आणि काही न बोलता त्याच्या हातातून सुकाणूचा दांडा काढून घ्यायचा. होडी धक्क्याला लावायची ती तांडेलानेच, म्हणजे होडीच्या मुख्य माणसानेच, अशी रीत होती. पुढे खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं, मासळी आटली, गोमाजीने होडी विकली आणि नाथा मानपाड्याच्या एका कारखान्यात फिटर झाला. होडी धक्क्याला लावायची राहिली ती राहिलीच.

त्याच कारखान्यात सुधीर गद्रे ड्रॉइंग काढायचा. डोंबिवलीचा, तिशीतला, बोलायला मऊ. शहाण्णव साली त्याने घरी कॉम्प्युटर घेतला आणि त्यात विमानाचं एक सॉफ्टवेअर घातलं. एका रविवारी नाथाला बोलावून त्याने ते दाखवलं.

"झकास खेल हाय, सायब," नाथा म्हणाला.

"खेळ नाही हो नाथाभाऊ. सिम्युलेटर. पायलट लोक असल्यावर शिकतात."

"मंग तुमी शिकून काय करनार?"

"काही नाही. धावपट्टीवर नीट उतरवायचं. पण ही बटणं दाबून मजा येत नाही. हातात धरायला काहीतरी पाहिजे. तुम्ही कराल?"

नाथा पडद्याकडे बघत राहिला. लांबून येणारी धावपट्टी त्याला ओहोटीच्या धक्क्यासारखी दिसली, बारीक, राखी, चिखलात एकटी. "करतो," तो म्हणाला. "पन एकदा उतरवायला मना द्यायचा."

पंधरवड्यात त्याने सागवानाचे दोन दांडे तासून एका फळीवर बसवले. एक नाक वरखाली करायला, दुसरा डावीउजवीकडे वळायला. प्रत्येक दांड्याच्या बुडाशी रेडिओचा आवाज कमीजास्त करणारा पॉट असतो तसला एकेक बसवला. दांडा हलला की पॉट फिरणार आणि वायरीतून ते कॉम्प्युटरला कळणार. शेवंती, त्याची बायको, दारात मासळी साफ करत ते बघत होती.

"होरी सोरली न आता इमान उरवतंय," ती म्हणाली. "उद्या ढगात जाल लाव. तिथं तरी बोंबील गावतील."

"तू गप ऱ्हा. सोल्डर हलतंय."

वळायचा दांडा हातात धरला तेव्हा नाथाने विचार असा केलाच नाही. होडीत सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं. जन्मभर वळलं होतं. पॉटची वायर त्याने त्या हिशोबाने लावली.

पहिल्या रविवारी विमान त्याच्या हातात मुकाट चाललं. "अगदी होरीवानी!" तो ओरडला. धावपट्टीपाशी घाई झाली आणि नाक जमिनीत गेलं, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. मग सुधीर बसला. दांडा डावीकडे घेतला, विमान उजवीकडे डोंगराला लागलं. पुन्हा घेतला, पुन्हा डोंगर. सुधीरच्या मनात आलं, वायर उलटी लागली आहे. पण एवढ्या मायेने केलेल्या कामाला नाव कसं ठेवायचं? नाथा गेल्यावर त्याने सॉफ्टवेअरमध्येच युक्ती केली. दांड्याची ओळख करून घेताना ते सांगतं, दांडा पूर्ण डावीकडे न्या. सुधीरने उजवीकडे नेला. आता दांडा डावीकडे घेतला की विमानही डावीकडे.

पुढच्या रविवारी नाथा बसला आणि विमान त्याच्या हाताचं ऐकेना. त्याने डोळे चोळले. आपल्याच कामात खोट राहिली असणार, या विचाराने तो मनातल्या मनात वरमला. हेमा, सुधीरची बायको, चहा करायला गेली आणि सुधीर दूध आणायला उतरला, तेवढ्यात त्याने पिशवीतलं सोल्डरिंग आयर्न काढलं आणि पॉटची वायर एका पायावरून दुसऱ्या पायावर नेली. सुधीर परत येईपर्यंत विमान पुन्हा होडी झालं होतं.

घरात आणखी एक माणूस होता. सुधीरचे वडील अण्णा, टेलिफोन खात्यातून निवृत्त. वायर दिसली की त्यांना राहवत नसे. मधल्या दिवसांत घरात कोणी नसलं की तेही विमान काढायचे, आणि ते उलटं वळतंय असं दिसताच मुकाट्याने वायर बदलायचे. एखाद्या आठवड्यात अण्णांच्या आधी सुधीर बसायचा, त्याला पुन्हा उलटं दिसायचं, तो पुन्हा युक्ती करायचा, आणि रविवारी नाथा वायर परत फिरवायचा. कुणी कुणाला काही बोललं नाही. नाथाला तर वाटू लागलं, की बापाने धरू न दिलेला दांडा हा असाच असतो, धक्का जवळ आला की हातातून निसटणारा. एका रविवारी वायर बदलायला फळी उलटी केली तेव्हा त्याने तिला हळूच हात जोडले.

मग सुधीरला बडोद्याची नोकरी लागली. सोमवारी टेम्पो येणार, त्यात कॉम्प्युटरही जाणार. नाथाला उतरवायला मिळणारा हा शेवटचा रविवार होता. दुपारी तो आला तेव्हा निम्मं घर खोक्यांत गेलेलं. तो खुर्चीत बसला, दांडा हलवला, आणि त्याचा हात पिशवीकडे गेला.

"आता तुम्ही पण बदलणार का?" हेमा खोक्याला सुतळी बांधत म्हणाली. "ह्या आठवड्यात अण्णांनी वायर बदलली. मागच्या आठवड्यात ह्यांनी सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी केलं होतं. मला वाटलं हे असं नेहमी करावंच लागतं, पाणी भरल्यासारखं."

सुधीर अण्णांकडे वळला.

"अण्णा, तुम्ही?" सुधीर म्हणाला.

"उलटं होतं, सरळ केलं," अण्णा म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

"उलटा नव्हता," नाथा म्हणाला. "मी बरोबर लावलेला. दांडा डावीला, नाक उजवीला."

"अहो नाथाभाऊ, डावीकडे जायचं तर दांडा डावीकडेच न्यायचा ना?"

"का? सुकानू मागं असतंय. तुमच्या इमानाला मागं शेपूट हाय का नाय?"

सुधीर म्हणाला, "आहे."

"मंग?"

"म्हणजे विमान मागून चालतं की पुढून?" अण्णांनी विचारलं. यावर तिघांनी बराच वेळ हात हवेत इकडेतिकडे नेले आणि शेवटी कुणालाच आपला डावा हात कुठला याची खात्री राहिली नाही.

"राहू द्या," नाथा म्हणाला. "आता जसा हाय तसा. संध्याकाळी ह्ये पन पॅक व्हनार."

त्याने विमान वर नेलं. पण आज निराळीच अडचण आली. दोन रिती कळल्या होत्या, आणि त्यांतली कुठली आत्ता लागू आहे हे हाताला ठाऊक नव्हतं. धावपट्टी दिसली. त्याने दांडा थोडासा ढकलला, नाक कुठे जातं ते पाहिलं, परत आणला. पुन्हा थोडा ढकलला. अण्णा "उजवीकडे" म्हणाले, सुधीर "नाही, दांडा की विमान?" म्हणाला. धावपट्टी एका बाजूला सरकत गेली. खाली नुसतं गवत आलं. नाथाने दुसरा दांडा हळूहळू मागे घेतला. विमान टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि गवतातून घरंगळत जाऊन उभं राहिलं. मोडलं नाही.

"धावपट्टी राहिली बाजूला," सुधीर हळू आवाजात म्हणाला.

"पन लागला ना?"

सुधीरने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

नाथा कोलशेतला पोचला तेव्हा शेवंती चुलीपुढे होती. "उतरला का तुझा इमान?" तिने विचारलं.

त्याने पिशवी उंबऱ्याशी ठेवली. "उतरला," तो म्हणाला. "पन धक्क्याला लागला का चिखलात, ते बापूस असता तर त्यालाच इचारला असता."